वॉशिंग मशीन बिघडलं: दुरुस्ती की नवीन?

मेकॅनिक दारात आला की पहिला प्रश्न विचारतो, "किती वर्षं झाली?" आठ-नऊ म्हटलं की पुढचं ठरलेलं असतं, "आता नवीनच घ्या." वय बघायचंच, पण सगळ्यात शेवटी. आधी कोणता पार्ट गेलाय आणि का गेलाय ते कळायला हवं, कारण बिघाडाचं मूळ तसंच राहिलं तर नवीन मशीनही त्याच वाटेने जाणार.

'मशीन पाणी घेत नाही' ही तक्रार घ्या. फुली ऑटोमॅटिक मशीनला साधारण 0.3 बार दाब लागतो. म्हणजे मशीनमागच्या नळापासून टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत तीन मीटर उंची. सांगली-मिरजेकडच्या एकमजली घरात टाकी थेट स्लॅबवर ठेवलेली असते. टाकी भरलेली असताना मशीन चालतं, अर्धी झाली की एरर दाखवतं. इथे मशीन बदलून काही होणार नाही, टाकी उचला किंवा छोटा प्रेशर पंप बसवा. त्याआधी नळ बंद करून इनलेट पाइप सोडवा आणि पाणी आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडातली जाळी पकडीने हलकेच ओढून काढा. बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर बारीक वाळू आणि क्षाराचा पांढरा थर हमखास सापडतो. जाळी साफ, दाबही ठीक, तरी पाणी येत नसेल तर प्लग काढून व्हॉल्व्हच्या कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. तीन-चार किलोओम आला तर कॉइल ठीक, मीटर काहीच दाखवत नसेल तर व्हॉल्व्ह बदला. हा पार्ट काही शेकड्यांत येतो.

सेमी-ऑटोमॅटिक असेल तर माझं मत सरळ आहे: टबाला तडा गेलेला नसेल आणि पत्रा गंजून खाली आलेला नसेल, तर दुरुस्तच करा. ड्रायर नुसता घूं आवाज करतो, फिरत नाही? प्लग काढा, झाकण बंद असताना सुटायला हवा तो ब्रेक खरंच सुटतोय का बघा. ब्रेक सुटतोय, ड्रायर हाताने मोकळा फिरतोय, तर संशय मोटरला सुरुवातीचा धक्का देणाऱ्या कपॅसिटरवर. नवीन घेताना जुन्यावर छापलेले मायक्रोफॅरड आणि व्होल्टेज दोन्ही जुळवा. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, डिस्चार्ज केल्याशिवाय टर्मिनलला हात नको. मोटर चालते पण पाण्यातले कपडे हलत नाहीत, तर पट्टा सैल झालाय किंवा पल्सेटरच्या (टबाच्या तळाशी फिरणाऱ्या चकतीच्या) आतले दाते झिजलेत.

खरा प्रश्न फ्रंट लोडचा, म्हणजे पुढे दार असलेल्या मशीनचा. स्पिनला घाट चढणाऱ्या एसटीसारखा आवाज येऊ लागला की समजायचं, बेअरिंग. पण बेअरिंग सहसा आपणहून जात नाही. आधी ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवतीची रबरी रिंग, झिजते, तिथून साबणाचं पाणी झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं आणि मग बेअरिंग गंजतं. प्लग काढा, दार उघडा, ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. आतल्या ड्रमसोबत बाहेरचा टबही स्प्रिंगवर डोलला तर हरकत नाही. टब स्थिर आणि ड्रम एकटाच कटकट हलतोय, तर बेअरिंग गेलं. मागचं कव्हर काढून पुलीच्या मध्यापासून खाली ओघळलेली तांबूस रेघ दिसली की शंका उरत नाही.

या टप्प्यावर थांबलात तर दोन बेअरिंग आणि एक सील, बाकी मजुरी. 'अजून चालतंय की' म्हणत दोन-तीन महिने ओढलं, तर शाफ्टवर सील बसते तिथे चर पडते आणि नवीन सीलही गळते. ड्रममागचा तीन हातांचा अॅल्युमिनियमचा स्पायडर साबणाच्या साचलेल्या थराखाली खात जातो, तोही याच वेळी बघून घ्या. त्याचा एक हात तुटला की ड्रम एका बाजूला झुकतो आणि दाराचं रबर (गॅस्केट) घासतं.

मेकॅनिकला आधी एकच गोष्ट विचारा: टब स्क्रूचा आहे की सील केलेला? स्क्रूचा असेल तर उघडतो. सील केलेला असेल तर कंपनी पूर्ण टबच बदलते, आणि त्याचं कोटेशन ऐकून बहुतेक लोक तिथेच नवीन मशीनकडे वळतात.

मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड, म्हणजे पीसीबी, जळालं तर लगेच नवीन मागवू नका. व्होल्टेज वाढून फक्त फ्यूज आणि व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अंगावर घेणारा छोटा पार्ट) उडाला असेल तर कार्ड दुरुस्त होतं. रेझिन ओतून बंद केलेलं कार्ड मात्र दुरुस्तीला अवघड. उंदराने वायर कुरतडली असेल तर आधी खाली जाळी लावा, नाहीतर नवीन कार्डाच्या वायरीही जातील.

पुरात बुडालेलं मशीन हा आपल्याकडचा खास प्रकार, 2019 आणि 2021 च्या पुरानंतर सांगलीच्या गावभागाला सांगायला नको. 'चालतंय का बघू' म्हणून प्लग लावायचा नाही. विमा असेल तर फोटो आधी. मग स्वच्छ पाण्याने गाळ काढा, पूर्ण वाळवा, मोटरचं इन्सुलेशन मेगरने (ते मोजायच्या मीटरने) तपासून घ्या. एक मेगाओमच्या खाली असेल तर वीज द्यायची नाही. सेमीची मोटर वाळवून, व्हार्निश करून पुन्हा चालते. फ्रंट लोडमध्ये गाळ बेअरिंगपर्यंत आणि पाणी कार्डपर्यंत गेलं असेल, तर मी त्याच्यावर एक रुपयाही घालणार नाही.

पैशाचं माझं गणित असं: खर्च तशाच नव्या मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर दुरुस्ती, निम्म्याच्या पुढे गेला तर नवीन. मधे असेल तेव्हा वय बघा. 'मोटरवर 10 वर्षं वॉरंटी' या ओळीला फार भुलू नका. मोटर क्वचितच जाते, आणि कार्ड, पंप, बेअरिंग त्या ओळीत नसतात.

नवीन फ्रंट लोड आलंच, तर मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत टब घट्ट धरणारे) काढल्याशिवाय सुरू करू नका आणि काढलेले बोल्ट जपून ठेवा. घर बदलताना लागतात.