तपकिरी पाणी, ठणठणीत मासे

ठाण्यात मी ॲक्वेरियम बसवून देतो आणि त्यांची देखभालही करतो. कामाचा बराचसा भाग म्हणजे काच पुसणं, सायफनने तळाची घाण ओढणं आणि बादल्या उचलणं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. घोडबंदर रोडवरच्या लहान मुलांच्या एका दवाखान्यातली टाकी मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

टाकी तीन फुटी, भरल्यावर साधारण पावणेदोनशे लिटरची. डॉक्टर मॅडमना वेटिंग रूममध्ये काहीतरी जिवंत हवं होतं. इंजेक्शनच्या भीतीने रडणारं पोर माशांपुढे उभं राहिलं की गप्प होतं, हे मीही अनेकदा पाहिलंय. वीस कार्डिनल टेट्रा हे लाल पट्ट्याचे छोटे मासे, तळाला राहणारे थोडे कोरीडोरास मासे आणि मधोमध मोपानीचं एक ऐसपैस लाकूड असं ठरलं. मोपानी आफ्रिकेतून येतं. एका बाजूने गडद, दुसऱ्या बाजूने फिकट, आणि इतकं जड की पहिल्या दिवसापासून तळाला बसतं. दिसायला याच्या तोडीचं लाकूड नाही, पण रंग सोडण्यातही याचा हात कुणी धरत नाही.

लाकूड पातेल्यात मावणारं असतं तर तासन्‌तास उकळून काढलं असतं. उकळल्याने आतला रंग लवकर बाहेर येतो. हे दोन फुटांचं धूड, त्यामुळे निळ्या पिंपात बुडवून ठेवलं, वरून उकळतं पाणी ओतत राहिलो आणि पाणी काळं झालं की बदलत गेलो. साबण नाही, ब्लीच नाही, फक्त ताठ ब्रश. लाकूड जे पितं ते पुढे टाकीतच सोडतं. पिंपातलं पाणी फिकट झाल्यावरच लाकूड टाकीत गेलं. एवढं करूनही मोपानी पुढे कित्येक महिने थोडा थोडा रंग सोडणारच, हे मी मॅडमना आधीच सांगितलं होतं. लाकूड विकताना दुकानदार यातलं अवाक्षर बोलत नाहीत, आणि गिऱ्हाईक घाबरून परत आलं की पाणी ‘क्लिअर’ करण्याची बाटली गळ्यात मारतात. ती बाटली पाण्यात तरंगणारा गाळ गोळा करते. रंग येतो तो लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याने, आणि ते तर पाण्यात विरघळलेलं असतं. ते त्या बाटलीनेही जात नाही आणि फिल्टरच्या स्पंजमध्येही अडकत नाही.

टॅनिन आपल्याकडे नवीन नाही. हिरड्याने तोंड तुरट होतं ते त्यानेच, आणि बाभळीच्या सालीने चामडं कमावतात तेही त्याच्याच जोरावर. लाकडातून ते आणि त्याच्यासोबतची ह्युमिक आम्लं पाण्यात उतरली की पाणी कोऱ्या चहासारखं दिसायला लागतं. कार्डिनल टेट्रा मूळचा अशाच पाण्यातला. ब्राझीलमधल्या रिओ निग्रो नदीचं पाणी जंगलातल्या कुजलेल्या पानांनी आणि लाकडांनी काळपट झालेलं असतं. आम्लधर्मी, आणि क्षार जवळजवळ नाहीतच. म्हणून दवाखान्यातल्या टाकीसाठी मी क्षार काढलेलं आरओचं पाणी अर्ध्याला अर्धं मिसळलं. त्या इमारतीत महापालिकेचं पाणी आणि टँकरचं बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं, आणि ते मिश्रण क्षारांनी चांगलंच जड असतं. फिल्टरमध्ये माझ्या एका जुन्या टाकीतला मुरलेला स्पंज घातला, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया खाणारे जिवाणू आयतेच मिळाले. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारी ही वसाहत कोऱ्या टाकीत आपोआप उभी राहायला महिना-दीड महिना घेते.

दोन-तीन आठवड्यांनी पाणी छान तपकिरी झालं. अमोनियाच्या चाचणीत नळीतला रंग पिवळाधमक, म्हणजे शून्य. पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा, साडेसहा; सातच्या खाली पाणी आम्लधर्मी. कार्डिनलचा लाल पट्टा इतका भडक मी माझ्या घरच्या टाकीतही पाहिला नव्हता. दवाखान्यातल्या त्या टाकीचा मला अभिमान होता आणि तो लपवायचं काही कारणही नव्हतं.

मग रिसेप्शनवरच्या ताईंचे फोन सुरू झाले. ‘‘दादा, पाणी किती घाण झालंय हो. पेशंट विचारतात.’’ मी जाऊन पांढऱ्या कपात पाणी घेऊन त्यांना दाखवलं. रंग होता, पण कपाचा तळ लख्ख दिसत होता. दुधाळ असतं तर जिवाणूंचा उद्रेक, हिरवं असतं तर शेवाळ. हे नुसतं लाकडाचं पाणी, म्हटलं. त्यांना पटलं. पण एका आईने डेंग्यूचे डास होतील म्हणून तक्रार केली. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरींमध्ये मुद्दाम गप्पी मासे सोडतात, आणि इथे भुकेल्या माशांनी भरलेल्या, फिल्टरने सतत हलत्या पाण्यात डास होणार! पण दवाखान्यात बसलेल्या आईशी वाद कोण घालणार? तिची काळजी खरीच असते.

मॅडम परगावी होत्या. सलग सुट्ट्या आल्या आणि दवाखान्याच्या मॅनेजर साहेबांनी सफाईच्या माणसांना सांगून टाकी ‘स्वच्छ’ करून घेतली. मला विचारलंसुद्धा नाही. दवाखाना उघडल्यावर त्यांचा फोन आला, तोही कौतुक करून घ्यायला. ‘‘येऊन बघा, पाणी कसं असतं ते.’’

पाणी खरंच काचेसारखं होतं. मागच्या भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक टाकीतून आरपार वाचता येत होतं. वर मात्र कार्डिनल एकमेकांना चिकटून पृष्ठभागाशी तोंडं उघडझाप करत होते. रंग उडून राखाडी पडलेले, कल्ले फाकलेले. सफाईच्या मामांना बाजूला घेऊन विचारलं. बिचाऱ्यांनी खरं ते सांगितलं. सगळं पाणी काढलं, मासे बादलीत ठेवले, खडी, स्पंज, फिल्टरमधल्या जिवाणूंच्या सिरॅमिक रिंगा, सगळं नळाखाली खळखळून धुतलं आणि नळाचंच पाणी भरलं. सहा-सात मासे पहिल्याच दिवशी गेले. मामांवर माझा राग नाही. सांगितलेलं काम त्यांनी मन लावून केलं होतं.

मी नळी काढली, पाच मिलिलिटर पाणी घेतलं, थेंब टाकले. पाच मिनिटांत रंग गडद हिरवा, म्हणजे अमोनिया भरपूर. पीएच आठच्या घरात. हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात आणि इथेच बहुतेक लोक फसतात. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांश अमोनियमच्या रूपात असतो, आणि तो माशांना त्या मानाने सोसतो. पीएच चढला की तितक्याच अमोनियाचा विषारी हिस्सा कित्येक पटींनी वाढतो. ज्या आम्लधर्मी पाण्याने मासे सांभाळले असते, ते मॅनेजर साहेबांनी मोरीत ओतलं होतं. ज्या जिवाणूंनी अमोनिया खाल्ला असता ते क्लोरीनच्या नळाखाली गेले होते. आणि नजरेला मात्र टाकी आजवर कधी नव्हती इतकी सुंदर दिसत होती.

खाणं बंद केलं, एअर पंप जोडला, फिल्टरमध्ये अमोनिया शोषणाऱ्या झिओलाइट खड्यांची पिशवी टाकली. वसंत विहारमधल्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडून मुरलेला स्पंज मागून आणला, त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, कारण सुकला की मेला. क्लोरीन मारणारं हायपो घातलेलं नळाचं पाणी आणि आरओ मिसळून थोडं थोडं बदलत राहिलो. एकदम बदललं असतं तर पीएचच्या धक्क्याने उरलेलेही गेले असते. मी हे करत असताना एक मुलगा काचेला नाक लावून उभा होता. ‘‘काका, ते झोपलेत का?’’ आजारी आहेत, एवढंच मी त्याला सांगितलं.

वीसपैकी आठ कार्डिनल वाचले. कोरीडोरास एकही नाही.

मॅडम परतल्यावर मी त्यांच्यासमोर दोन्ही वेळच्या चाचण्यांची नोंद ठेवली. त्या डॉक्टर, त्यांना एका मिनिटात कळलं. रक्तात काय चाललंय ते चेहऱ्यावरून ठरवायचं नसतं, असं त्या मॅनेजर साहेबांना म्हणाल्या. साहेबांचं म्हणणं तरी त्यांच्या जागी होतंच. वेटिंग रूममध्ये तपकिरी पाणी दिसलं तर लोक दवाखान्याच्या स्वच्छतेबद्दल काय समजतील? याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. ॲक्टिवेटेड कार्बन टाकला तर तो टॅनिन ओढून घेतो आणि पाणी नितळ होतं. काही आठवड्यांनी भरला की बदलायचा, एवढंच. लाकूडही राहतं, तक्रारही थांबते. आठ कार्डिनल मात्र थोडे फिके दिसतील आणि आम्लाचा तो आधारही कमी होईल. तेव्हा आरओचं प्रमाण वाढवून पीएच सांभाळावा लागेल, म्हणजे मॅडमचा खर्च वाढणार. सध्या अर्धाच कार्बन घातलाय. पाणी मधाच्या रंगावर आलंय आणि अमोनिया परत शून्यावर.

लाकूड गच्चीवर उन्हात फेकलेलं सापडलं. कडकडीत वाळलेलं आणि एका टोकाला तडकलेलं. आता ते परत माझ्या निळ्या पिंपात आहे. मॅनेजर साहेबांनी त्याऐवजी प्लॅस्टिकच्या ओंडक्याचं कोटेशन मागितलंय. ते मी अजून पाठवलेलं नाही. आधी मॅडमशी बोलणार आहे.