कोलामीचा फळा

किनवट तालुक्यातील आमच्या वर्गात काल मी मरे सिंक्लेअर यांच्याविषयी बोललो. अनिशिनाबे या आदिवासी समाजातील हे कॅनडाचे न्यायाधीश ४ नोव्हेंबर २०२४ रोजी निवर्तले. सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून आणि मातृभाषेपासून तोडणाऱ्या निवासी शाळांचे सत्य धुंडाळणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष होते, आणि २०१५ मध्ये आयोगाने केलेल्या ९४ आवाहनांत हा इतिहास शाळांतूनच शिकवावा, असेही एक होते. ज्या शिक्षणाने घाव घातला त्यानेच तो भरून काढावा, ही त्यांची धारणा मला (विशेषतः शिक्षक म्हणून) फार मोलाची वाटते.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, आमची कोलामी भाषा फळ्यावर लिहू का?" तास संपला तेव्हा फळा भरला होता आणि त्यातले बहुतेक शब्द मी प्रथमच वाचत होतो.