काहीच त्रास नव्हता, तरी टेस्ट केली

घरी फोनवर हे सांगता येईना म्हणून इथे लिहितेय. परदेशात येऊन दीड वर्ष झालं, नवीन नातं आहे आणि कंडोम बंद करायच्या आधी दोघांनी लैंगिक आजारांच्या टेस्ट करायच्या असं आमचं ठरलं. मला त्रास म्हणाल तर काहीच नव्हता, ना जळजळ, ना खाज, ना अंगावरून पांढरं जाणं.

क्लिनिकमध्ये नर्सने दार लावलं आणि सरळ विचारायला लागली, शेवटचा संबंध कधी आला, तीन महिन्यांत किती जणांशी, ओरल होतं का. लग्न झालंय का हे विचारलंच नाही! मी मान खाली घालून उत्तरं देत होते आणि ती ताप किती दिवस आहे हे लिहून घ्यावं तसं टाइप करत होती. ओरल होतं म्हटल्यावर घशाचाही स्वॅब घेतला, म्हणजे काडी फिरवून नमुना, कारण घशातला गनोरिया (परमा) लघवीच्या टेस्टमध्ये सापडत नाही. म्हणजे लाजून लपवलं असतं तर ती टेस्ट राहूनच गेली असती.

खालचा स्वॅब बाथरूममध्ये माझा मीच घेतला. लांब दांडीची काडी, दोनेक इंच आत घालून गोल फिरवायची, मग ट्यूबमध्ये ठेवून खुणेवर मोडायची. हात थरथरत होते पण दुखलं अजिबात नाही. माझ्या जोडीदाराला तर फक्त लघवीची पहिली धार द्यायची होती. शिवाय दोघांचं रक्त घेतलं, एचआयव्ही आणि सिफिलिससाठी (उपदंश).

एक मात्र नीट लक्षात घ्या, संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी टेस्ट केली आणि निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नसतं. क्लॅमिडिया (हाही संबंधातून पसरणारा आजार), गनोरियाला साधारण दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, एचआयव्हीच्या लॅबमधल्या नव्या टेस्टला 45 दिवस, सिफिलिसला 12 आठवडे. पण एचआयव्हीची भीती वाटावी असं कालच काही झालं असेल तर थांबू नका, 72 तासांच्या आत पेपच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायच्या गोळ्या सुरू करता येतात, 28 दिवस घ्यायच्या असतात.

माझा क्लॅमिडिया पॉझिटिव्ह आला. रिपोर्ट वाचून मी पलंगावर नुसती बसून राहिले. 'असले' आजार 'तसल्या' बायकांना होतात हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, त्याचाच जास्त त्रास झाला, आजाराला तर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक पुरलं, दिवसातून दोनदा, सात दिवस. कळलंच नसतं तर हाच आजार आतल्या आत गर्भनलिका खराब करू शकतो, आणि बऱ्याच बायकांना तो मूल राहत नाही तेव्हाच कळतो, याचा मला खरंच राग येतो.

आधीच्या जोडीदाराला कळवायचं होतं. नाव न सांगता क्लिनिक कळवतं, पण मला स्वतःलाच सांगायचं होतं, चारदा टाइप करून खोडलं आणि शेवटी तीन ओळी पाठवल्या. दोन तासांनी उत्तर आलं, "बरं झालं सांगितलंस, उद्याच जातो."

तीन महिन्यांनी परत टेस्ट करायला सांगितलीय. तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवलीये, दोघांची.