रिकामी पिशवी

नुसतं भटकायला बाहेर पडायचं असलं तरी मी हातात पिशवी घेते. आणायचं काहीच नसतं. पण पिशवी असली की बाईमाणूस कामाला निघालंय असं दिसतं. ‘कुठे निघालात?’ असं कुणी विचारलंच, तर पिशवी जराशी वर करून दाखवली की भागतं. बिनकामाचं हिंडणाऱ्या बाईसाठी मराठीत ‘गावभवानी’ असा खास शब्द आहे. पुरुष हिंडला तर फार तर उनाड ठरतो, अख्खं गाव काही त्याच्या नावाला चिकटत नाही. तेव्हा पिशवी बरी.

सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी मात्र ही युक्ती साफ उघडी पडते. परवा पहिल्या चौकापर्यंत गेले आणि उमगलं, की दुतर्फा सगळी शटरं खाली आहेत आणि त्यांच्यामधून मी खरेदीला चालले आहे! पिशवीची घडी करून काखेत मारली आणि चालू लागले.

बंद शटर हीसुद्धा निवांत बघायची गोष्ट आहे, हे रोजच्या धावपळीत कळत नाही. एकाच्या कडीत कुलूप लोंबकळत होतं. रोज उघडताना, लावताना, वाऱ्याने हलताना ते ज्या पट्ट्यात घासतं तिथला रंग उडून पत्र्यावर छान अर्धगोल उमटला होता, शाळेत कोनमापक ठेवून काढायचो तसा. शेजारच्या शटरवर हाताने लिहिलेला कागद होता, ‘आज दुकान बंद राहील’. सुरुवातीची अक्षरं ऐसपैस पडल्यामुळे ‘राहील’ला जागाच उरली नव्हती, म्हणून ते कडेने उभं खाली उतरवलं होतं. लिहिणाऱ्यालाही सुट्टीची घाई झाली असणार.

खाली बघण्यासारखा माल नसला की नजर आपोआप वर जाते. या रस्त्याने मी किती वर्षं ये-जा करते, पण दुकानांच्या पाट्यांच्या वर इमारती आहेत याची मी दखलच घेतली नव्हती. एका गच्चीच्या कठड्याखाली गोल घड्याळ निघालं. चार वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं. कधी थांबलं असेल कोण जाणे. रोज त्याच्या खालून धावत जाताना मी मनगटावरच्या घड्याळात बघत होते.

पुढच्या चौकात सिग्नल लाल होता. रस्त्यावर चिटपाखरू नाही, तरी मी थांबले. माझ्यासारख्या पायी माणसांचं या खांबांशी नातं तसं जुनं आहे. लंडनमध्ये संसदेजवळ १८६८च्या डिसेंबरात पहिला सिग्नल लागला तो मोटारी यायच्या आधी. घोडागाड्यांच्या गर्दीतून माणसांना रस्ता ओलांडता यावा म्हणून तो उभारला होता. पोलीस हाताने फिरवायचा आणि रात्री त्यात गॅसचे दिवे लावायचे. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन पोलीस भाजला आणि ते प्रकरण बासनात गेलं. पूर्व बर्लिनमध्ये १९६१ साली कार्ल पेग्लाउ नावाच्या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने पादचाऱ्यांच्या दिव्यासाठी टोपीवाला माणूस काढला. तो लाल झाला की हात पसरून वाट अडवतो. आमच्या दिव्यातल्या माणसाला टोपी नव्हती. आम्ही दोघं तसेच समोरासमोर उभे राहिलो. तो हिरवा झाल्यावर मी रुबाबात रस्ता ओलांडला. कुणी बघायला नव्हतं याचं थोडं वाईट वाटलं.

मग आवाज कळायला लागले, म्हणजे कुठून कुठला येतोय ते. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली ती मला रस्त्यावर ऐकू आली. भूकंप मोजणाऱ्या यंत्रांनाही शहराची सुट्टी कळते. गाड्या, रेल्वे, कारखाने, आपली पावलं या सगळ्यांची बारीक थरथर त्यांच्या नोंदीत सतत उमटत असते. रात्री ती उतरते, रविवारी आणि सणासुदीला आणखी उतरते. २०२०च्या टाळेबंदीत तर कित्येक ठिकाणी ती निम्म्यावर आली होती. एवढी शांतता मला नको. सुट्टीपुरती पुरे.

आणि ही शांतता सगळ्यांना सारखीच मोकळी वाटते असंही नाही. एका लांब बोळाच्या तोंडाशी मी थांबले, आत डोकावले, दुसऱ्या टोकाला कुणीच दिसेना म्हणून वळले. गर्दीत असते तर सरळ घुसले असते.

असं नुसतं फिरताना मी एकच नियम पाळते, गेलेल्या रस्त्याने परत यायचं नाही. वाटतं त्यापेक्षा हे अवघड आहे. कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचा प्रश्न असाच होता. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे सात करायचे. ऑयलर नावाच्या गणितज्ञाने १७३६ साली ते जमणारच नाही हे सिद्ध केलं. वाटेत लागणाऱ्या जमिनीच्या तुकड्यावर एका पुलाने आलात तर दुसऱ्याने बाहेर पडायला हवं, म्हणजे पुलांच्या जोड्या लागायला हव्यात. फक्त जिथून निघायचं आणि जिथे संपवायचं तिथे एखादा पूल सुटा चालेल. तिथे नदीमुळे झालेल्या शहराच्या चारही तुकड्यांवर पुलांची संख्या विषम होती. एवढी मोठी गणिताची शाखा उभी राहिली ती बिनकामाच्या चालण्यातून, हे मला फार आवडतं. त्या पुलांवरून हिंडणाऱ्यांच्या हातात पिशव्या होत्या का, कोण जाणे.

याच विचारात असताना एका म्हाताऱ्या जोडप्याने थांबवलं. “ताई, स्टेशन कुठल्या बाजूला?” मला कोण आनंद झाला. अखेर काम मिळालं! डावीकडे, मग पुन्हा डावीकडे, बागेला वळसा घालून सरळ, असं हातवारे करून सांगितलं. ते गेले. मी नाकासमोर चालत राहिले आणि पाच मिनिटांत थेट स्टेशनच्या दाराशी पोचले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी त्यांना रिक्षाचा रस्ता सांगितला होता, एकदिशा मार्गाचा. आपल्या पायांना ती पाटी लागू नाही हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

निघून जावं असं मनात आलं, पण पाय निघेना. बऱ्याच वेळाने ती दोघं बागेकडून घाम पुसत आली. मी काहीतरी चाळा हवा म्हणून काखेतली पिशवी काढून उलगडली. आजोबांनी माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि अगदी कळवळून म्हणाले, “अहो ताई, दुकानं बंद आहेत ना आज सगळी!”