आधी काय काढू?

हार्ड डिस्क जायच्या आधी आवाज देते. आमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये तो डाव्या तळहाताखालून यायचा. टक... टक... मग जरा गप्प, मग परत टक. भिंतीवर पाल चुकचुकावी तसा. आईने त्याला पालीइतकाच मान दिला आणि सांगून टाकलं, "आज त्यावर काही महत्त्वाचं करू नकोस." या बाबतीत जाणकारांचंही मत तेच असतं. टकटक सुरू झाली की मशीन बंद करायचं, पुन्हा पुन्हा चालू करून बघायचं नाही.

आत तबकडी फिरत असते. लॅपटॉपमधली बहुधा मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. तिच्यावरून वाचणारं हेड तिला न टेकता, जेमतेम काही नॅनोमीटरवरून तरंगत जातं. माणसाचा केस त्या फटीपेक्षा हजारो पट जाड. ते हेड आपली जागा शोधायला जातं, सापडत नाही म्हणून माघारी येतं, परत जातं, त्याची ती टकटक. खरं तर दुखणं त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. एखादा सेक्टर, म्हणजे तबकडीवरचा छोटासा कप्पा, खराब झाला की डिस्क तिथला मजकूर गुपचूप राखीव जागेत हलवते. कितीदा हलवला याची नोंदही ठेवते, पण कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही. दुखणं अंगावर काढायची रीत आमच्या घरात पहिल्यापासून आहे, त्यामुळे मला या डिस्कबद्दल जरा आपुलकीच वाटली.

शेजारच्या काकांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. हा उपाय खूप जुना आहे आणि थंड डिस्क बाहेर काढली की तिला दव सुटतं. बेळगावच्या पावसाळ्यात, जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे ओल आणखी मुद्दाम कशाला घालायची?

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ दुरुस्ती करणारा एक पोरगा आहे. त्याने डिस्क कानाला लावली. "होगेत री," म्हणाला. मग माझ्याकडे बघून मराठीत, "गेली सर. डेटा पाहिजे काय?"

पाहिजे म्हटल्यावर त्याने जे सांगितलं ते मला आवडलं. "सगळं येतंय म्हणून सांगत नाही सर. वाचायला गेलं की आणखी खराब होतीया. कधी बंद पडंल नेम नाही. यादी करून द्या. आधी काय काढू?"

बॅकअप घ्यावा, घेतलेला बरा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण घरातल्या माणसांना कुणी एका रांगेत उभं करून आधी तुझं की आधी त्याचं, असं विचारत नाही. आईला पुतणीच्या बारशाचे फोटो पाहिजे होते. भावाला शिवजयंतीच्या चित्ररथाचे व्हिडिओ. पुतणीने शाळेचा कन्नड प्रकल्प पुढे केला, आणि शाळेच्या नावापुढे कुणाचं काही चालत नाही. माझा फोल्डर सर्वांत मोठा होता आणि त्याचं नाव 'इतर'. तो मी मुकाट्याने शेवटी टाकला. बाबा मात्र ठाम होते. गल्लीच्या मंडळाचे वर्गणीचे हिशेब आणि येळ्ळूरच्या शेताचे पहाणी उतारे आधी. "फोटो परत काढता येतात," म्हणाले. बारशाचे फोटो परत कसे काढणार, हे आईने त्यांना चांगल्या दोन-चार शब्दांत विचारलं. तरी यादीत हिशेब पहिलेच राहिले.

आयबीएमने 1956 साली पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा तिच्यात 24 इंची 50 तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होता जेमतेम 5 एमबी मजकूर. चित्ररथाच्या व्हिडिओचं एक मिनिटही त्यात बसलं नसतं. बाबांचे हिशेब मात्र आरामात बसले असते.

ते हिशेब निघाले, पण पोराने फाईल उघडली आणि तोंड पाडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा काला. "करप्ट आहे सर." बाबा पुढे झुकले. "करप्ट कसली? श्रीलिपी आहे ती. फॉन्ट घाल की रे आधी!" फॉन्ट घातला आणि गेल्या कितीतरी गणेशोत्सवांची वर्गणी, मांडव, वाजंत्री, सगळं शाबूत दिसलं. खालच्याच फोल्डरात तहसीलदारांना दिलेले कन्नड अर्ज 'नुडी'त. त्यांचाही तोच काला, त्यांनाही तोच इलाज. सीमाभागातल्या जुन्या कॉम्प्युटरवर हे दोन्ही फॉन्ट गुण्यागोविंदाने नांदतात.

नवीन एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर मजकूर ठेवणारी डिस्क, बसवायला फार काही लागलं नाही. खालचं झाकण, बॅटरीची वायर, चार स्क्रू, डिस्क जोडायचा तोच साटा कनेक्टर. जुनी डिस्क साडेनऊ मिलीमीटर जाड, ही सात, म्हणून कडेला एक चौकट. आता मशीन झटकन सुरू होतं. पण हिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे ही जाईल तेव्हा टकटकही करणार नाही. माझा तिच्यावर अजून म्हणावा तितका विश्वास बसलेला नाही.

चित्ररथाचे थोडे व्हिडिओ आणि मधल्या दोन वर्षांच्या पावत्या जुन्या डिस्कमध्येच अडकल्यात. ती उघडायची तर धूळमुक्त खोली लागते, आणि तशी सोय असलेल्या ठिकाणी पाठवावी लागेल. पुण्याला की बेंगळुरूला? बेळगावात हा प्रश्न नुसता कुरिअरचा नसतो. बाबांचे मित्र रोज संध्याकाळी त्यावर बोलतात, आणि बोलता बोलता डिस्क बाजूला राहून गाडी सुप्रीम कोर्टातल्या दाव्यावर जाते. पुतण्याला तिच्यातली चुंबकं पाहिजेत, ती फार जोरकस असतात. निकाल लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही, अशी त्याला ताकीद आहे. त्याने मात्र तिच्या चांदणीच्या खाचेच्या स्क्रूंना बसेल असा स्क्रूड्रायव्हर बाजारातून आणूनही ठेवला आहे.