माघवारी आणि पायाखालचे रंग

माघी वारीला निघताना माझ्या पिशवीत इतर बायकांपेक्षा तीन गोष्टी जास्त असतात. मी स्वतः बांधलेली जाड कागदाची वही, बाभळीच्या डिंकाच्या पाण्याची छोटी बाटली आणि मलमलचा तुकडा. रंग घरून नेत नाही. ते वाटेतच मिळतात.

आषाढी वारी सगळ्यांना माहीत आहे. पण बेळगाव-खानापूरकडच्या शेतकऱ्याचा पाय आषाढात घराबाहेर पडणं अवघड. भाताची कामं ऐन भरात असतात, पाऊस झोडपत असतो. सुगी उरकली, मळणी होऊन भात घरात पडलं, की मग माणूस मोकळा होतो. म्हणून आमच्या सीमाभागातून आणि कोकणातून माघ शुद्ध एकादशीला पंढरपूर गाठणारे खूप. माझ्या कामाचं वर्षही शेतकऱ्यासारखंच चालतं. उन्हाळा संपल्यापासून भाद्रपदापर्यंत गणपतींचं काम. शाडूच्या मूर्तींची आखणी, म्हणजे डोळे, भुवया, सोंडेवरची नक्षी, हे माझ्याकडे असतं. दिवाळीत रांगोळ्या. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराईतली रुखवतं आणि दुकानांच्या पाट्या, त्या मराठीतही आणि कन्नडमध्येही. संध्याकाळी वडगावातल्या घरी मुलं चित्रं शिकायला येतात. पौष सरत आला की हाताला जरा उसंत मिळते आणि पाय पंढरीची आठवण काढायला लागतात.

बेळगावात वाढलेल्या मुलीला चित्रकार व्हायचं म्हटलं तर कुणाला नवल वाटत नाही. के. बी. कुलकर्णी सरांनी इथे कितीतरी हात घडवले. रवी परांजपे त्यांचेच शिष्य, जन्माने बेळगावचे. मी त्या परंपरेच्या अगदी कडेला उभी आहे, पण ‘आधी नीट बघ, मग काढ’ ही शिस्त या गावात लहानपणीच कानावर पडते. रोज पहाटे हरिपाठ म्हणायचा आणि त्यानंतर चहाच्या आधी एक पान काढायचं, हा माझा नेम आहे. समोर जे असेल ते: तुळस, तांब्या, वाळत घातलेलं लुगडं. हरिपाठ आणि ते पान मला कधी वेगळे करता आले नाहीत. दोन्हींत मन एका जागी टेकवायचं असतं.

दिंडी निघते ती काकतीच्या दिशेने. १७७८ साली कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा जन्म झाला ते हे काकती. पुढे वंटमुरीचा घाट लागतो. महामार्गावरून ट्रक सुसाट जातात, म्हणून चोपदार आम्हाला कडेच्या मातीवरून एका रांगेत चालवतात. माझ्या दृष्टीने हे बरंच होतं, कारण माती पायाखालीच राहते. आमच्या पश्चिमेकडच्या जांभ्याच्या पट्ट्यातली माती लाल. खानापूरची कुंभारकी याच भागातली. खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची मोठी संस्था तिथे आहे ती उगाच नाही. घाटाच्या आसपास तिच्यात केशरी, पिवळी झाक मिसळते. हत्तरगी मागे पडून संकेश्वरला हिरण्यकेशीच्या काठी आलो की रंग तपकिरीवर येतो. चिकोडीच्या पुढे अंकलीकडे उतरताना रान काळंभोर होतं, आणि मांजरीजवळ कृष्णा ओलांडली की दोन्ही बाजूंना ऊस आणि ती काळी माती. मुक्कामाला पोचलं की मी मूठभर माती घेते, कागदात बांधते आणि वर गावाचं नाव लिहिते.

तिचा रंग करायचा तर थोडा धीर लागतो. खडे-काड्या वेचून दगडाने बारीक वाटायची. पाण्यात ढवळून क्षणभर थांबायचं. वाळू जड, ती आधी खाली बसते. वरचं गढूळ पाणी मलमलमधून दुसऱ्या डब्यात गाळायचं आणि रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं निवळ पाणी काढलं की तळाला लोण्यासारखा गाळ राहतो. तोच रंग. त्यात डिंकाचं पाणी आणि मधाचा थेंब. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो. मधामुळे त्यात ओलावा टिकतो. संध्याकाळी कीर्तनाला बसण्याआधी डबा भरून ठेवायचा आणि काकड्याला उठल्यावर उघडायचा.

एका मुक्कामी भाकऱ्या झाल्यावर चूल अजून तापलेली होती. वंटमुरीकडची पिवळी माती मी एका जुन्या तव्यावर पसरली आणि हलवत बसले. बायका भोवती जमल्या. थोड्या वेळाने कडेकडेने पिवळ्याचा रंग बदलायला लागला आणि बघता बघता सगळी माती विटेसारखी लाल झाली. या मातीतला लोहाचा पिवळा अंश तापला की त्यातलं पाणी निघून जातं आणि तो लाल होतो. चित्रकारांना हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. एक मामी म्हणाल्या, “म्हणजे गे, गेरू आणि पिवडी एकाच घरच्या?” अगदी बरोबर. त्या लाल रंगाने मी दुसऱ्या दिवशी पताका रंगवल्या.

चालत्या दिंडीत चित्रासाठी कुणी बसून देत नाही, आणि तशी मागणी करणंही शोभत नाही. जे काढायचं ते दुपारच्या विसाव्याला आठवणीतून. यातून मला एक गोष्ट मिळाली, ती कुठल्या वर्गात मिळाली नसती. वारीत चेहरे कमी दिसतात, पाठी जास्त. दिवसचे दिवस तुमच्या पुढे तीच पाठ असते. खांद्यावरची पडशी कुणाची डावीकडे, कुणाची उजवीकडे. टाळ वाजवताना कुणाचं कोपर किती बाहेर येतं. डोक्यावर तुळस घेतलेली बाई मान कशी ताठ ठेवते आणि सगळा तोल कमरेतून कसा सांभाळते. वीणेकऱ्याची पाठ तर निराळीच, कारण वीणा खाली ठेवायची नाही हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. दुसऱ्याकडे सोपवताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि मगच वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. माझ्या वह्या अशा पाठींनी भरल्या आहेत. हरिपाठ झाल्यावर वही हातोहात फिरते. आपली पाठ कुणालाच ओळखता येत नाही, दुसऱ्याची मात्र लगेच. “हे आमचे अण्णा! बघा, बंडी वर चढलीय.” ज्यांची पाठ असते ते वही जवळ धरून बराच वेळ बघत राहतात.

आणि रेष बदलते. घरी माझी रेष घाईची, कडक असते. आखणीचं काम तसंच असतं. गणपतीच्या डोळ्याला हात थरथरून चालत नाही. वारीत दिवसभर ‘ज्ञानोबा-तुकाराम’च्या ठेक्यावर पाऊल पडतं, आणि विसाव्याला बसले की हातही त्याच ठेक्यावर चालतो. रेष लांब होते, मध्ये श्वास घेते, मनाला आलं तिथे थांबते. मी ती मुद्दाम तशी काढत नाही. माझ्या मते चित्र काढण्याला सेवा म्हणायचं ते इथूनच. दिंडीत कुणी पाणी वाटतं, कुणी भाकरी थापतं, कुणी म्हाताऱ्यांचे पाय चेपतं; माझ्या वाट्याला ही वही आली आहे.

आमच्याबरोबर हुक्केरी भागातल्या बऱ्याच बायका असतात. घरची भाषा कन्नड, अभंग मराठी. त्यातल्या एका अव्वांशी माझी गट्टी झाली. पहिल्याच दिवशी विसाव्याला जागा करून देत त्या म्हणाल्या होत्या, “बर्री, कुंडरी.” या, बसा. त्यांच्याकडे कापडात गुंडाळलेली, कडा झिजलेली एक वही होती. उघडून बघितली तर आतमध्ये तुकोबांचे अभंग, पण सगळे कन्नड लिपीत. त्यांच्या सासऱ्यांनी लिहिलेले. पेन्सिलीचं अक्षर पुसट झालं होतं आणि अव्वांची नजरही अधू झाली होती, पण वही उघडी धरल्याशिवाय त्या म्हणत नसत. ओळ तोंडपाठ, तरी बोट अक्षरावरून फिरायचं. मी पाट्या दोन्ही लिपींत रंगवते, त्यामुळे मला ते वाचता येत होतं. रात्री दिव्याशी बसून मी त्यांना पुसट झालेले शब्द वाचून दाखवायची आणि त्या मला कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदं म्हणून दाखवायच्या. त्यातल्या प्रत्येकाच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ येतो. एकदा त्यांची पाठ रंगवून खाली त्यांचं नाव लिहायला गेले तर हात धरला त्यांनी. “नन्न हेसर ब्याड, विठ्ठलन हेसर बरी.” माझं नाव नको, विठ्ठलाचं लिही. लिहिलं. कन्नडमध्ये लिहिलं, आणि शेजारी मराठीत.

मिरजेला पोचलं की मला एक तास हवाच असतो. सतारमेकरांच्या दुकानांत भोपळे टांगलेले असतात, कुठे पडदे बांधणं चाललेलं असतं, कुठे हस्तिदंती रंगाच्या पट्टीवर नक्षी कोरणं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात इथे वाद्यं घडवायला सुरुवात केली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांना लागणारा मोठा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतो. म्हणजे भीमेकाठचा भोपळा मिरजेला येतो, लाखेची झिलई लेऊन वाद्य होतो. आमच्या दिंडीची वीणाही मिरजेतच तयार झालेली. ती पुन्हा पंढरीकडे चालताना बघून मला दरवेळी आनंद होतो. वीणेकरीबुवांनी तिथल्या एका कारागिराला तारा बदलायला दिल्या. त्या वेळातही वीणा त्या कारागिराच्या मांडीवर होती, जमिनीला टेकली नाही. त्या कारागिराला कुणी काही सांगावं लागलं नाही.

कवठेमहांकाळपासून पुढे नागज, जुनोनी, सांगोला. हा पट्टा चालायला कठीण. सावली विरळ, दुपारचं ऊन माघातही टोचतं, मुरमाड माळ आणि वारा. पण रंगांच्या बाबतीत मला हाच पट्टा सगळ्यांत श्रीमंत वाटतो. फिकट बदामी, राखाडी, मध्येच जांभळट मुरूम, आणि रानात विखुरलेले चुनखडीचे पांढरे खडे. ते वाटले की पांढरा रंग मिळतो. बाजारातल्या पांढऱ्याइतका झाकणारा नाही, पण ओल्या कागदावर धुक्यासारखा उतरतो. एका वस्तीवर आम्हाला हुरडा मिळाला, वर शेंगांची चटणी. त्या माउलींच्या अंगणात मी पांढऱ्या खड्यांची पूड, आमच्याकडची लाल माती आणि चिकोडीची काळी घेऊन रांगोळी काढली: विटेवरची दोन पावलं, बाकी काही नाही. घरातल्या पोरांनी विचारलं, वरचा देव कुठाय? मी म्हटलं, तो पंढरपुरात उभाय, आम्ही तिकडेच चाललोय. सांगोल्यापासून पंढरपूर तीस-बत्तीस किलोमीटर. त्या टप्प्यात पाय दुखतात याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

पंढरपुरात चंद्रभागेचं स्नान, कळसाचं दर्शन, मग बारी, म्हणजे दर्शनाची रांग. बारीत खूप वेळ जातो आणि तो वेळ मला हवासा वाटतो. देवळाच्या सोळखांबी मंडपात इ.स. १२३७ चा होयसळ राजा सोमेश्वराचा शिलालेख आहे, देवाच्या खर्चासाठी गाव दिल्याचा. आमच्या अव्वांच्या सासऱ्यांच्या कितीतरी पिढ्या आधी कन्नड मुलखातून या देवाकडे येणं सुरू होतं, हे त्या दगडात कोरलेलं आहे. मी अव्वांना ते सांगितलं. त्यांनी हात जोडले.

विठोबा मी आजवर खूप वेळा काढला आहे. लग्नपत्रिकेवर, भिंतीवर, मुलांना शिकवताना फळ्यावर. चित्रकाराच्या नजरेने बघितलं तर मूर्ती फार साधी आणि फार अवघड. कितीतरी देव एका पायावर भार देऊन, कमरेत वळून उभे असतात. त्या वळणात चित्रकाराला आधार मिळतो. हा सरळ. दोन्ही पाय सारखे, खांदे सारखे, हात कमरेवर. डाव्या हातात शंख, उजव्यात कमळाचा देठ, कानात मकरकुंडलं, डोक्यावर उंच मुकुट. लपायला कुठे जागाच नाही. एक खांदा केसभर वर गेला तर तो विठोबा राहत नाही. हात कमरेवर आहेत, पण त्यात ताठा नाही. शेतकरी बांधावर उभा राहून वाट बघतो तेव्हा असाच उभा असतो. हे मला पायी आल्यावरच कळलं. इतके दिवस लोकांच्या पाठी बघत आलेली मी, आणि समोर तोंड करून उभा असलेला तो एकटा. पायांवर डोकं टेकवलं. क्षणभरच मिळतो. दगड गार होता आणि पावलांवर असंख्य कपाळांनी आणलेला गुळगुळीतपणा होता. चित्रात तो कसा आणायचा, यावर मी अजून काम करते आहे. सध्या ओल्या रंगावर कापसाचा बोळा हलकेच फिरवून बघते.

द्वादशीचं पारणं सोडून आम्ही मिरजमार्गे रेल्वेने परत आलो. निघताना अव्वांनी ती जुनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, नात शाळेत जाते, तिच्यासाठी मोठ्या अक्षरात उतरवून दे. ते काम आता रोज पहाटे हरिपाठानंतर चाललं आहे. कागद नवा, शिवण दोऱ्याची, पुठ्ठ्यावर शहापूरच्या लुगड्याचं कापड. शाईसाठी समईची काजळी डिंकाच्या पाण्यात घोटते. प्रत्येक अभंगाचं पहिलं अक्षर वाटेवरच्या एकेका मातीत रंगवते: काकतीची लाल, संकेश्वरची तपकिरी, मांजरीची काळी. संध्याकाळी येणारी मुलं माती वाटायला मदत करतात आणि पुड्यांवरची गावांची नावं मोठ्याने वाचतात. निम्म्याच्या वर काम झालंय. अव्वांचा दर गुरुवारी फोन येतो, आणि ‘किती झालं’ हे त्या मराठीतच विचारतात.