म्हातारी हरभरे भरडते ते ढग कोणते?

ढगांचे घरगुती मराठी शब्द वहीत टिपायचे ठरवलं आणि आजीला खिडकीत नेऊन ‘हा ढग बघ, याला गावाकडे काय म्हणायचे?’ असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: ‘ढगच म्हणायचे, अजून काय!’ प्रश्नच चुकलेला असतो. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज औषध उत्पादकाने १८०२ साली ढगांची लॅटिन नावं मांडली, ती दिसण्यावरून: कुरळ्या केसांसारखा, राशीसारखा, थरासारखा. तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ हे शाळेतले शब्द त्याचेच वंशज. घरातली मराठी मात्र ढग कधी येतो आणि काय करतो ते बघते. म्हणून विचारायचं असं: ‘वैशाखात दुपारी एकदम भरून यायचं, त्याला काय म्हणायचात?’ मग ‘वळीव’ बाहेर पडतो, आणि त्यामागे गारा, कैऱ्या, उडालेले पत्रे, सगळं.

वळवाचा ढग ठाण्यातून ओळखायचा तर तोंड पूर्वेला हवं. मे महिन्यात, आणि पुन्हा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, दुपारी दोन-तीनच्या सुमारास मलंगगड-माथेरानच्या रांगेवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग चढू लागतात. कडा कोरीव आणि टणक दिसतात तोवर ढग वाढतोय. माथ्याची कड पिंजल्यासारखी झाली, की वरचं पाणी गोठून हिमकण झालेत. मग माथा ऐरणीसारखा आडवा पसरतो: हा गर्जन्मेघ, म्हणजे गडगडाटाचा ढग. इथे हटकून फसगत होते. जमिनीलगत वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येत असतो, त्यामुळे लोक तिकडे बघून निश्चिंत राहतात. पण वरचा वारा त्या दिवसांत बऱ्याचदा पूर्वेचा असतो आणि ढग त्याच्याबरोबर येतो. अंगाला चिकटलेला घाम एकदम गार पडला, की गच्चीवरचे पापड-कुरडया आधी उचला, आभाळ मागाहून बघा.

म्हातारी हरभरे भरडते ती याच ढगात. भरडण्याचा आवाज इतका लांबतो, कारण विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब असते आणि तिच्या जवळच्या-लांबच्या टोकांचा आवाज आपल्यापर्यंत वेगवेगळ्या वेळी पोचतो. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, म्हातारी किती किलोमीटरवर बसलीय ते कळतं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गच्ची सोडायची. भर जुलैत मात्र ती सहसा गप्प असते. तेव्हाचे ढग बुटके, त्यांच्यात हिमकण कमी, वीज क्वचित, आणि पाऊस तरीही धो धो. ‘गडगडाट नाही, म्हणजे जोर नाही’ हा हिशेब कोकणपट्टीत चालत नाही.

मळभाची गोष्ट निराळी. मळभ म्हणजे आभाळाचा मूड, आणि तो दोन-तीन जातींच्या ढगांनी येतो. हात जमिनीवर धरा. फिकट का होईना, सावली पडली तर वर पातळ, उंचावरचा पडदा आहे. सावली नाही आणि सूर्य दुधी काचेतून दिसावा तसा दिसतो, तर मध्यम उंचीचा थर. सूर्य कुठे आहे तेच कळत नाही, तर थर जाड किंवा खालचा. ठाण्यात आणखी एक गोंधळ होतो, कारण इथल्या इमारतीत एका मजल्यावर साताऱ्याचं घर, तर वरच्यावर सावंतवाडीचं. गोव्याकडच्या कोंकणीत ‘मळब’ म्हणजे सरळ आकाश. उलट ‘आभाळ’ म्हणजे आकाश, पण ‘आभाळ आलंय’ म्हटलं की ढग. आगरी-कोळी घरांत तेच ‘आबाल’ होतं. म्हणून नुसता शब्द टिपू नका, अख्खं वाक्य टिपा. आभाळ येतं, भरतं, दाटतं, उतरतं, फाटतं. खरी वर्गवारी या क्रियापदांत आहे.

चंद्राला पडलेलं खळं मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब करून पंजा फाकवा. अंगठा चंद्रावर ठेवल्यावर करंगळी कड्याच्या आसपास पोचली, तर ते २२ अंशांचं खळं, उंचावरच्या हिमकणांनी पडलेलं. चंद्राला चिकटून छोटंसं रंगीत वलय असेल तर ते पाण्याच्या थेंबांचं. लहान मुलं ज्याला मेंढरं म्हणतात त्या ढगांनाही हीच मोजपट्टी लागते, फक्त ते क्षितिजापासून बरेच वर असले पाहिजेत. एकेक मेंढरू करंगळीआड लपलं तर ते फार उंचावरचं, तीन बोटांआड लपलं तर मधलं, त्याहून मोठं दिसलं तर खालचं.

‘ढग उतरलेत’ हे ठाण्यात येऊरच्या डोंगराकडे बघून म्हटलं जातं. किती उतरलेत? तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो अंश) यांतला फरक गुणिले १२५, इतके मीटर. २९ आणि २५ अंश सेल्सिअस असतील तर तळ साधारण ५०० मीटरवर. पनवेल-खारघरकडच्यांना आकडेमोडही नको: माथेरानचं पठार सुमारे ८०० मीटर आहे, ते झाकलं तर तळ त्याखाली. फक्त डोंगराचा पायथा दिसतोय ना ते बघा. पायथ्यासकट डोंगर गायब असेल तर ढग उतरलेला नाही, मध्ये सर कोसळतेय.

विचारपूस करताना ‘तरणा’, ‘म्हातारा’, ‘सासूचा’, ‘सुनेचा’ अशीही नावं येतील. ती ढगांची नाहीत, अनुक्रमे पुनर्वसू, पुष्य, मघा आणि पूर्वा या नक्षत्रांच्या पावसाची. पुनर्वसू ५-६ जुलैच्या सुमारास लागतं, पूर्वा ऑगस्टअखेरीस. वेगळ्या पानावर लिहा, नाहीतर म्हातारा पाऊस आणि हरभरेवाली म्हातारी यांचं वहीत लग्न लागतं. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, दिशा, आभाळाचे आठपैकी किती भाग झाकलेत आणि सांगणाऱ्याचा तालुका हवाच. फोटोत इमारतीची कड येऊ द्या आणि मोबाइलचं एचडीआर बंद करा. ते मळभाला उजळून टाकतं आणि पुढच्या वेळी आजी म्हणते, ‘हे कुठलं मळभ?’

राहिलं कोल्ह्याचं लग्न, ऊन असताना पडणारा पाऊस. एकट्या-दुकट्या ढगाची सर आणि बाजूने मोकळा सूर्य, एवढंच लागतं. त्यात मुलांना इंद्रधनुष्य दाखवायचं असेल तर सूर्य ४२ अंशांच्या खाली हवा, म्हणून पावसाळ्यात भर दुपारी शोधणं व्यर्थ. जुलैत सकाळी नऊच्या आत पश्चिमेला: ठाण्यातून येऊरकडे, वाशीतून खाडीकडे. संध्याकाळी साडेचारनंतर दोन्हीकडून पारसिकच्या डोंगराकडे तोंड करायचं, सूर्य पाठीशी.